आईचा टब घेऊन गेलेली ओल्वेन

ग्लेन हॉलो या आमच्या कोळशाच्या खाणीच्या गावात सोमवारी कुणी वारलं, तर बायका आधी दोरीवर कपडे टाकायच्या आणि मग हात पुसून रडायला जायच्या. हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. आठवडाभराचा कोळसा खाऊन कडक झालेले कपडे, वर घरात चार-पाच खाणवाले भाडेकरू, आणि वाऱ्यानं तोंड फिरवलं की कोळसा फोडायच्या कारखान्याची काळी धूळ सरळ दोरीवर. पहाटे वारा डोंगराकडून असायचा, तेवढ्यात उरकलं तर उरकलं. म्हणून सोमवारी सकाळी आमच्या गल्लीत कुणी पाहुणी नसायची, कुणी माहेरवाशीण नसायची. दोन हात असलेली प्रत्येक बाई टबाला जुंपलेली असायची.

ओल्वेन प्रॉसर या गल्लीतली. आमच्या घरापासून तिसऱ्या दारात राहायची. बाप खाणीत, आई मार्गेड भाडेकरू सांभाळायची. ओल्वेनचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही, पण तो लांब जायचा. चॅपलात, म्हणजे आमच्या लहानशा चर्चमध्ये, ती मागच्या बाकावर गायला लागली की पुढच्या बाकावरचे म्हातारे जागे व्हायचे. त्याहून तिची नक्कल भारी. सूप पिताना कोणता भाडेकरू कसा आवाज काढतो, चॅपलातले वडीलधारे जेम्स मास्तर घसरड्या उतारावरून इभ्रत सांभाळत कसे उतरतात, हे ती धुणं पिळता पिळता करून दाखवायची. मार्गेड हसायची नाही. "हात चालू ठेव," एवढंच म्हणायची. पण नक्कल संपेपर्यंत दुसरं काम सांगायची नाही, हेही आम्ही बघितलेलं आहे.

सतरा वर्षांची असताना कार्व्हरटनच्या सभागृहात एक फिरती नाटक मंडळी आली. त्यांच्या विनोदी नटाची बायको आजारी पडली, त्यांना कुणीतरी उभी करायला हवी होती, आणि ओल्वेन उभी राहिली ती त्यांच्याबरोबर गेलीच. पुढच्या रविवारी जेम्स मास्तरांनी उभं राहून तिला चॅपलातून काढल्याचं जाहीर केलं. मार्गेड पहिल्या बाकावर बसून ते ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. टबाशी बसल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "दोन हात कमी झालं." आणि पुढची चादर घेतली.

मग ओल्वेननं व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नकला, कसरती असे एकामागून एक तुकडे दाखवायच्या धंद्यात जी वर्षं काढली, ती गोड करून सांगण्यासारखी नाहीत. दिवसाला पाच खेळ. तिच्या आधी कुत्र्यांचा खेळ, तिच्या नंतर कुत्र्यांचा खेळ, मध्ये हिनं गायचं, त्यात पायाखालची फळी ओली. भाड्याच्या खोलीत दिव्यावर अंडं उकडायचं आणि घरमालकिणीला वास आला की खिडकीतून बाहेर धरायचं. एका ताटल्या झेलणाऱ्याशी तिनं लग्न केलं. तो ताटल्या कधी पाडत नव्हता. बाकी हातात येईल ते सगळं पाडायचा, नोकरीसुद्धा. दोन वर्षांनी तिनं त्यालाच खाली ठेवला आणि पुढच्या गावची गाडी धरली.

तिला वर काढलं एका गाण्यानं. बफेलोच्या एका म्हाताऱ्या पियानोवाल्यानं ते बांधलेलं. खाणवाल्याची बायको खिडकीत उभी आहे, परत येणाऱ्या नवऱ्याचा जेवणाचा डबा वाजतो का म्हणून कान लावून आहे, असं ते गाणं. ओल्वेननं ते रडत म्हटलं नाही. ती बाई नवऱ्यावर चिडलेली आहे, सूप गार होतंय म्हणून, असं तिनं ते म्हटलं, आणि शेवटच्या ओळीला डबा वाजत नाही. लोक हसता हसता गप्प व्हायचे. पण म्हाताऱ्यानं गाणं छापखान्यालाही विकलेलं होतं. दुकानात कुणालाही मिळायचं. गाण्यावर तिचा हक्क म्हणाल तर एवढाच, की ते तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं.

त्या गाण्याच्या जोरावर तिला मोठ्या थेटरांचं काम मिळायला लागलं आणि एका शरद ऋतूत तिचा आठवडा लागला तो नेमका कार्व्हरटनला, ग्लेन हॉलोपासून ट्रामनं सात मैल. मी तेव्हा तिथल्या थेटरात रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसून ड्रम वाजवत होतो. तिथला व्यवस्थापक शेफलर प्रत्येक कलाकाराबद्दल न्यूयॉर्कला कळवायचा. त्याचा शब्द बरा गेला तर ओल्वेनला सगळा हिवाळा मोठ्या थेटरांत काम होतं. वाईट गेला तर पुन्हा कुत्र्यांच्या मधोमध. तिला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि ग्लेन हॉलोत तर न्हाव्यालाही ठाऊक होतं.

आता सोमवारची तालीम. आमच्या धंद्यात तिच्याइतका न्यायाचा दुसरा प्रकार मी बघितला नाही. सकाळी दहाला बँड बसायचा. जो कलाकार येईल त्यानं आपल्या गाण्याची वही रंगमंचाच्या कडेला, पुढच्या दिव्यांपाशी ठेवायची. पहिला आला त्याची पहिली, मग दुसऱ्याची, अशी रांग. त्या रांगेनं तालीम. आणि दोघांनी एकच गाणं आणलं, तर ज्याची वही पुढं त्याचं गाणं. मागच्यानं दुसरं शोधायचं. मग जाहिरातीवर त्याचं नाव कितीही मोठं असो.

ओल्वेन रविवारी ग्लेन हॉलोला उतरली. इतक्या वर्षांनी आई दिसली. मार्गेडनं तिला दारात बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाली की चहा कर, मला बी दे. तव्यावरच्या गोड भाकऱ्या झाल्या, शेजारणी येऊन गेल्या, जेम्स मास्तर समोरून गेले आणि त्यांनी मान वळवली नाही. सोमवारी आठच्या ट्रामनं निघायचं ठरवून ती झोपली.

सकाळी उठली तर अंगणात टब भरलेला. शेजारी कपडे घासायची खाचांची पाटी, पिवळ्या साबणाची वडी. मार्गेड दुसरी बादली आणायला आत गेलेली. "हात लाव" असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर ओल्वेन नाही म्हणू शकली असती, असं तिनं मला पुढं सांगितलं. न बोलता भरलेल्या टबाजवळून आमच्या गल्लीतली बाई पुढं जाऊच शकत नाही. तिनं बाह्या वर केल्या. एक चादर, मग दुसरी, मग भाडेकरूंच्या विजारी. आठची ट्राम गेली ती तिला ऐकू आली. नऊची गेली तेव्हा ती दोरीला काठी लावत होती.

थेटरात ती शिरली तेव्हा साडेदहा वाजून गेलेले. हात कोपरापर्यंत लाल. आणि रंगमंचावर अ‍ॅडलेड फॉसेट, त्या आठवड्याची सगळ्यांत मोठी गायिका, डब्याचंच गाणं म्हणत होती.

ओल्वेन खुर्च्यांच्या मधल्या वाटेत थांबली. गाणं पुरतं ऐकलं. मग पुढं येऊन आपली वही रांगेच्या शेवटी ठेवली. बँडमास्तरांनी वही उघडली, बघितली, आणि तिच्याकडं बघून नाही अशी मान हलवली. अ‍ॅडलेड बाई वाईट नव्हती. तिच्या लक्षात आलं. "हे तुझंही गाणं आहे का गं?" तिनं विचारलं.

"व्हतं," ओल्वेन म्हणाली.

दुपारच्या खेळाला तिनं एक जुनं, घरी पाहुण्यांपुढं म्हणतात तसलं गाणं काढलं. लोकांनी हुर्यो केली नाही. हुर्यो परवडते. लोकांनी शेंगदाण्याच्या पुड्या सोडायला सुरुवात केली. खड्ड्यातून तो आवाज फार स्पष्ट येतो, पानगळीत चालल्यासारखा. मी ड्रमवर जरा जोर दिला, पण पुड्या काही ड्रमचं ऐकत नाहीत.

खेळ संपल्याबरोबर शेफलर मागं आला. जाडजूड माणूस, विझलेली सिगार चावत बोलायचा. पहिल्या जागेवरच्या कसरतवाल्यांपैकी एकाचा घोटा दुपारी मुरगळला होता, त्यामुळं ती जागा रिकामी होती. "संध्याकाळपासून तू पहिली," तो म्हणाला. "आज रात्री जमलं नाही तर उद्या सामान बांध. मला कळवायचं ते मी रात्रीच कळवणार आहे."

पहिली जागा म्हणजे काय ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. लोक अजून येत असतात. खुर्च्यांच्या फळ्या थाडथाड आपटतात, टोप्या काढा म्हणून मागचे पुढच्या बायकांना सांगत असतात. तिथं उड्या मारणारा चालतो, सायकलवाला चालतो. गाणारी बाई तिथं ठेवणं म्हणजे तिला दारच दाखवणं.

ओल्वेन सामानाच्या खोलीत एका पेटीवर जाऊन बसली. तिथं इदवाल पॅरी आपल्या डब्यातला चरबी लावलेला पाव खात होता. इदवाल आमच्याच गावचा, पन्नाशीचा. खाणीत छत पडून त्याची तीन बोटं गेली, तेव्हापासून थेटरात सामान मांडायचं काम करायचा. त्यानं तिला न विचारता चहा ओतून दिला. मग नळाखाली हात धुतले, मान धुतली, आणि सदरा चढवायला लागला. ओल्वेन त्याच्याकडं बघत होती.

"काका, खाण सुटून इतकी वर्सं झाली," ती म्हणाली. "अजून पाठ धूत न्हाईस?"

"पाठ धुतली की कणा मऊ पडतो," इदवाल म्हणाला. "माझ्या बापानं कधी धुतली न्हाय. त्याच्या बापानं बी न्हाय."

"दोघं कशानं गेलं?"

"छत पडून."

"मंजी पाठ मजबूत व्हती."

"लई मजबूत," इदवाल म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ओल्वेन चहाचा पेला धरून बसली होती तो तिनं खाली ठेवला. मला हाक मारली. "रीस, ट्राम पकड आणि आईचा टब घेऊन ये. पाटी बी. धुणं झालं असंल तिचं." मी म्हणालो, टब इथं दुकानात मिळतो, नवा. तर म्हणाली, "नव्या टबात आपली माणसं बसत्यात व्हय?"

खरंच, आमच्याकडं खाणीतून आलेला माणूस त्याच धुण्याच्या टबात बसायचा आणि बायको त्याला घासायची. मी गेलो. मार्गेड अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. कशाला पाहिजे, ते तिनं विचारलं नाही. एवढंच विचारलं, की पुढच्या सोमवारच्या आत परत येईल ना. येईल म्हणालो. टब माझ्या डोक्यावर ठेवून झाल्यावर तिनं पिवळा साबण माझ्या खिशात कोंबला. "तिथला वासाचा साबण फेस करत न्हाय," ती म्हणाली. ट्रामवाल्यानं मला मागच्या पायरीवर उभं केलं, आणि सात मैल लोक मला टबाबद्दल विचारत राहिले.

संध्याकाळी पडदा वर गेला. स्वयंपाकघर, चूल, मध्ये मार्गेडचा टब. इदवाल आत आला तो डोळ्यांचे पांढरे सोडून सगळा काळा. बॉयलरच्या खोलीत जाऊन खरा कोळसा फासून आलेला. विजार अंगावर ठेवून तो टबात उकिडवा बसला, गुडघे कानाला लागलेले. ओल्वेन आईचा एप्रन बांधून आत आली. बँड गप्प. मला तिनं सांगून ठेवलं होतं, तसं मी काचकागद लावलेले दोन ठोकळे एकमेकांवर घासत होतो, तिच्या हाताबरोबर. बाकी एक शब्द नाही, एक सूर नाही.

एवढ्यात पहिली खुर्ची आपटली. थाड.

ओल्वेननं दचकून वर बघितलं, जणू दारातून शेजारीणच आत आली. टॉवेल ओढून इदवालच्या डोक्यावर टाकला आणि त्या उशिरा आलेल्या माणसाकडं टक लावून बघत राहिली, तो बसेपर्यंत. मग मान हलवून त्याला चहा विचारला, खुणेनंच. लोक हसले. दुसरी खुर्ची आपटली, पुन्हा टॉवेल. तिसऱ्या वेळेला अख्खं थेटर मागं वळून दाराकडं बघत होतं, आता कोण तिच्या स्वयंपाकघरात शिरतंय म्हणून. जे आवाज गाणारीला मारतात, ते तिनं कामाला लावले होते. एक जाडी बाई लाजून दारातच थांबली, तर ओल्वेननं तिला हातानं बोलावलं आणि इदवालला टॉवेलखाली आणखी दाबला.

मग अंग धुणं. तोंड, कान, हात, काखा. प्रत्येकाला इदवाल गरीब घोड्यासारखा वळत होता. ती पाठीकडं आली की तो टबात गर्रकन फिरायचा. ती इकडून, तो तिकडं. तालमीत त्यांनी हे एवढंच बसवलं होतं, की ती शेवटी हरते आणि त्याला तसाच काळ्या पाठीचा जेवायला वाढते. पण ओल्वेन हरली नाही. वरच्या गॅलरीत आमच्या खेड्यांतली माणसं बसलेली, त्यांच्या बायका बसलेल्या, त्यांनी श्वास धरलेला तिला कळला असणार. तिनं एका हातानं त्याची मानगूट धरली. इदवाल विसरला की हा खेळ आहे. तो टबात उभा राहिला, पाणी माझ्या ड्रमपर्यंत आलं, आणि तो ओरडला, "पाठ न्हाय, ओल्वेन, पाठ न्हाय."

गॅलरीतून कुणी तरी गर्जला, "दम धर, इदवाल."

तिनं साबणाची वडी खांद्यापासून कमरेपर्यंत एकदाच ओढली. काळ्या पाठीवर पांढराशुभ्र पट्टा उमटला. इदवाल गोठून उभा. आता कणा जातो का काय म्हणून त्यानं कमरेला हात लावून बघितला. मग हळूच वाकला. मग सरळ झाला. ओल्वेन कमरेवर हात ठेवून वाट बघत होती, जशी त्या गाण्यातली बाई खिडकीत वाट बघायची.

गॅलरीतल्या बायका उभ्या राहिल्या. टाळ्या मी पुष्कळ ऐकल्यात, पण घरोघरची तीस-चाळीस वर्षांची न धुतलेली पाठ त्या टाळ्यांत होती. खालचे कोट घातलेले लोक का हसतोय ते न कळता हसत होते. शेफलर मागं उभा होता. त्यानं सिगार पेटवली.

न्यूयॉर्कला त्यानं काय कळवलं ते आम्हाला बुधवारी कळलं, कारण बुधवारी त्यानं तिला शेवटून दुसऱ्या जागेवर नेलं. ती जागा आठवड्याच्या राणीची. म्हणजे अ‍ॅडलेड फॉसेटची. अ‍ॅडलेड तिच्या खोलीत आली. म्हणाली, तुझ्याइतकं मला ते गाणं जमत नाही हे मला सोमवारीच कळलं, तू तुझं परत घे, मी बँडमास्तरांशी बोलते. ओल्वेन एप्रन वाळत घालत होती.

"ठेवा बाई तुम्हीच," ती म्हणाली. "मला आवाज राखून ठेवायचाय. म्हातारपणी भांडायला लागंल."

शनिवारी दुपारी मार्गेड आली. थेटरात तिनं जन्मात पाय ठेवला नव्हता. मुलगी बघायला आले, असं ती म्हणाली नाही. टब न्यायला आले, म्हणाली. मी तिला पुढची खुर्ची देऊ केली. तिनं नाही म्हटलं. शाल घट्ट गुंडाळून ती पडद्याच्या बाजूला, टब जिथून आत-बाहेर जातो तिथं उभी राहिली, कुणी तो दुसरीकडं नेऊ नये म्हणून. तिथून तिनं सगळा खेळ बघितला. ओल्वेन आपल्या आईची चाल चालत होती, आईसारखी कोपरानं केस मागं सारत होती, आणि आई दहा हातांवर उभी राहून ते बघत होती. मी खड्ड्यातून तिचं तोंड बघायचा प्रयत्न केला. दिवा आडवा येत होता.

खेळ संपला. ओल्वेन घामानं भिजलेली बाहेर आली आणि आईपुढं उभी राहिली. टाळ्या अजून चालू होत्या. 

"साबण लई वाया घालवतीस," मार्गेड म्हणाली. मग इदवालकडं वळली. "पाठ बरी हाय का रं?"

"हलकी वाटतीया," इदवाल म्हणाला.

मार्गेडनं एप्रनच्या टोकानं मुलीचं तोंड पुसलं, जरा जोरानंच, जसं लहानपणी पुसायची. बाहेर लोक ओल्वेनला बोलावत होते. "जा," मार्गेड म्हणाली. "मी थांबते. रातचा खेळ झाल्याबिगर टब न्हेत न्हाय."

शेवटच्या ट्रामनं ती टब घेऊन गेली. सोमवारी तो धुण्याला हजर होता.

ओल्वेनचा तो हिवाळा झाला, आणि पुढचेही. इदवाल तिच्याबरोबर फिरला. खाणीतल्या गावांत जसं, तसंच शिकागोत आणि बोस्टनमध्येही लोक हसले. न धुतलेली पाठ सगळीकडं असते, असं इदवाल म्हणायचा. "पाठ न्हाय, ओल्वेन" हे त्या मुक्या खेळातले एकुलते एक शब्द तसेच राहिले. दिवसाला दोनदा धुतलेली पाठ घेऊन इदवाल ऐंशीच्या पुढं जगला आणि ताठ गेला. ग्लेन हॉलोतले म्हातारे तरीही म्हणत राहिले की थेटरचा साबण वेगळा असतो.

तिनं नवा टब मात्र कधी घेतला नाही. प्रत्येक गावात ती कुणाच्या तरी घरून वापरलेला टब मागून आणायची आणि शनिवारी परत पोचवायची. सोमवारी धुणं उरकेपर्यंत कुठल्याच गावात कुणी बाई टब देत नाही, म्हणून रविवारीच गावात येऊन शब्द घेऊन ठेवावा लागायचा. त्यामुळं ती कुठल्याही गावात तालमीला सगळ्यांत आधी पोचलेली असायची. तिला गाणं नव्हतं, वही नव्हती. पण रांगेतली जागा तिनं कधी सोडली नाही. दुसऱ्या कलाकारांनी मला सांगितलंय, कितीही लवकर जा, पुढच्या दिव्यांपाशी पहिल्या नंबरला पिवळ्या साबणाची वडी ठेवलेली असायचीच, आणि तिच्या मागून बाकीच्यांच्या वह्या.